कुवेतचे ४६ अंश की इंग्लंडचे ४? फोंड्याहून जाणाऱ्यांनी हवामान कसं ताडून बघावं

फोंडा_तिस्क

नमस्कार मंडळी. बायको नर्स आहे आणि तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक कुवेतचं, मे महिन्यात रुजू व्हायचं. दुसरं इंग्लंडमधल्या स्विंडनचं, तिथे नोव्हेंबरात. पगार, व्हिसा, शाळा यांची चौकशी आम्ही केली आहे, त्यामुळे त्यावर इथे चर्चा नको. अडलंय ते हवामानापाशी.

मी एसी-फ्रिजची कामं करतो. कुठेही गेलो तरी माझा अर्धा दिवस गच्चीवर किंवा उघड्यावर जाणार. मुलगी पाच वर्षांची आहे, पावसाळ्यात तिचा दमा उचल खातो. मोबाइलवर बघितलं तर एकीकडे ४६ आणि दुसरीकडे ४. या दोन आकड्यांवरून प्रत्यक्ष राहण्यातलं काहीच कळत नाही.

माझे प्रश्न असे: फोंड्यातला मे महिना काढणाऱ्या माणसाला कुवेतचा उन्हाळा वेगळा का जातो? ४ अंशांत घर आणि अंग नेमकं कसं सांभाळायचं? आणि दम्याला त्यातल्या त्यात बरं काय? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

---

कुळागर

आधी अंश बाजूला ठेवा आणि हवेत पाणी किती आहे ते बघा. तिथून दोन्ही देशांचं कोडं सुटतं.

एक घनमीटर हवा घ्या, म्हणजे मीटरभर लांब-रुंद-उंच खोक्यात मावेल एवढी. फोंड्यात मेच्या अखेरीस संध्याकाळी ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या खोक्यात २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कुवेतमध्ये जूनच्या दुपारी ४५ अंश आणि १० टक्के असेल, तर जेमतेम साडेसहा ग्रॅम. आणि इंग्लंडमध्ये ० अंशाला धुक्याने भरलेली, १०० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तरी तिच्यात ५ ग्रॅमसुद्धा नसतात. आकडा १०० टक्के दाखवतो, पण हवा खरं तर कोरडी असते. तीच हवा घरात येऊन २० अंशांवर तापली की आर्द्रता २६ टक्क्यांवर येते. हिवाळ्यात तिथे ओठ फुटतात आणि टाचा भेगाळतात त्या यामुळेच.

आता घाम. अंगावरचा एक लिटर घाम सुकताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण सुकला तरच. फोंड्यात तो ओघळतो, बनियन भिजवतो आणि वाया जातो, म्हणून ३३ अंशांतही जीव घाबरा होतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जे तापमान दिसतं (त्याला आर्द्र-गोळा तापमान म्हणतात) ते ३३ अंश व ७० टक्क्यांच्या हवेत २८ च्या आसपास येतं. कुवेतच्या ४५ अंश व १० टक्क्यांत ते २१-२२ भरतं. म्हणजे अंगात पाणी आणि मीठ पुरेसं असेल, डोक्यावर सावली असेल, तर घामाच्या दृष्टीने कुवेतची कोरडी दुपार फोंड्याच्या मेपेक्षा उलट सोपी.

फसगत होते ती इथेच. तिथे घाम दिसत नाही. तो बाहेर येता येता सुकतो, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. आपण घामावरून अंदाज बांधायला शिकलेली माणसं, त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही.

दुसरी गोष्ट पंख्याची. आपल्याकडे पंखा म्हणजे अर्धा एसी. पण हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम झोत मारतो आणि शरीर आणखी तापतं. तिथे पंख्यावर भागवण्याचा विचारही करू नका, मुलीच्या खोलीत तर नाहीच.

आणि खरे वाईट दिवस वेगळेच असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात वारा फिरून आग्नेयेकडून, समुद्रावरून येऊ लागला की कुवेतमध्ये दमटपणा चढतो. दोहा आणि दुबईच्या किनाऱ्यावर असे दिवस त्याहून जास्त. रात्री ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे आर्द्र-गोळा ३० च्या वर. हाच आकडा ३५ ला पोहोचला तर सावलीत नुसतं बसलेलं निरोगी शरीरसुद्धा फार तास तग धरू शकत नाही. म्हणून रोज सकाळी तापमानाबरोबर दवबिंदूही (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते ते) बघायची सवय लावा. दवबिंदू २५ च्या वर दिसला की तो दिवस गोव्यासारखा चिकट समजायचा, वर तिथली उष्णता वेगळी.

थंडीची बाजू मी सोडतो, त्यातले जाणकार इथे आहेत.

---

साळावली

कुळागर यांनी मुळातलं सांगितलंच आहे. मी उघड्यावरच्या कामाचं लिहितो.

कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्या उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. ठेकेदार "जरा उरकून घ्या" म्हणाला तरी हा नियम तुमच्या बाजूने आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. मात्र तुम्ही मेमध्ये उतरणार. तेव्हा बंदी सुरू झालेली नसते आणि पारा ४० च्या पुढे असतो, त्यामुळे पहिले पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण पाळीच्या २० टक्केच करावं, म्हणजे आठ तासांतला साधारण दीड तास. पुढे रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. फोंड्याची सवय थोडी कामाला येते, पण तिच्या भरवशावर पहिल्याच दिवशी आठ तास गच्चीवर काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. ही सवय जातेही लवकर. चवथीला घरी येऊन दोन-तीन आठवड्यांनी परत गेलात की ५०, ६०, ८०, १०० टक्के अशा चार दिवसांच्या पायऱ्यांनी पुन्हा चढायचं.

पाणी: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, सुमारे २५० मिलि. तहान लागेपर्यंत थांबू नका. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रमिष्टासारखं होतं, माणसाला वाटतं ऊन लागलं, आणि तो आणखी पाणी पितो. म्हणून जेवण चुकवायचं नाही. आपली पेज, मीठ आणि लोणचं यापरता चांगला नाश्ता उन्हात जाणाऱ्याला दुसरा नाही. कोकमाचं सरबत मीठ-जिरं घालून नेलंत तरी उत्तम. जुलाब-उलट्या असतील तर जलसंजीवनीच हवी: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका. लघवीचा रंग लिंबू सरबतासारखा फिकट असला तर पाणी पुरेसं आहे, गडद पिवळा झाला की कमी पडतंय.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा लडखडला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मुळीच नाही. ११२ वर फोन करा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत आणा, जादा कपडे काढा, अंगभर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

तुमच्या धंद्याचं थोडं. आपल्याकडच्या साध्या युनिटची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, तो टी-१ प्रकार. तिकडे टी-३ लागतात, ते ४६ अंशांवर मोजतात. गच्चीवर एकाला एक लागून बाहेरची युनिटं असली की एकाचा गरम झोत दुसरं ओढतं, भोवतालची हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि हाय प्रेशरवर मशीन ट्रिप होतं. त्यात कॉइलवर धुळीचा थर. तक्रार "गॅस कमी आहे" म्हणून येते, पण आधी कॉइल धुऊन बघा. गॅसचे सिलिंडर बंद व्हॅनमध्ये उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर ते जाताच कामा नयेत. पाने-पक्कड सावलीत ठेवा. उन्हातलं लोखंड उचललं की तळहात भाजतो, हातमोजे हवेतच.

घरातली एक गंमतशीर पण खरोखर उपयोगी गोष्ट: उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळाला चटके बसणारं पाणी येतं. तिथे जुनी माणसं गीझर बंद करून ठेवतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी तासाभरात बरंच निवतं. मग गरम पाण्याचा नळ थंडाचं काम करतो. मुलीला आंघोळ घालताना आधी आपला हात धरून बघायचा, एवढं न विसरता करा.

---

मांडवी_पलीकडे

स्विंडनबद्दल. जानेवारीत तिथे दिवसा ७ अंशांच्या आसपास, रात्री १-२. कॅनडासारखं महिनोन्‌महिने गोठलेलं हवामान नाही. अंगावर येतं ते दुसरंच: ओल, वारा आणि अंधार. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. फोंड्यात सगळ्यांत लहान दिवससुद्धा सव्वाअकरा तासांचा असतो, तिथे तो आठ तासांहून कमी. याची भरपाई जूनमध्ये होते, रात्री साडेनऊला उजेड असतो आणि मुलं झोपायला तयार होत नाहीत. जाड, काळे पडदे घ्या.

घराचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आपले लोक तिथेच चुकतात आणि तुमच्या मुलीचा दमा त्यावरच अवलंबून आहे.

घरातली हवा २० अंश आणि ५० टक्के असेल तर तिचा दवबिंदू ९ च्या जवळ येतो. म्हणजे घरात ९ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही जागेला घाम सुटणार. अशा जागा कुठल्या? खिडकीची काच, तिची ॲल्युमिनियमची चौकट, बाहेरच्या दोन भिंती मिळतात तो कोपरा, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू, जिथे खोलीची ऊब पोहोचतच नाही. कपाट ओढलं की मागे काळ्या ठिपक्यांची बुरशी. जुलैत आपल्याकडे चपला-पट्ट्यांवर येते तसलीच. फरक एवढाच की आपल्याकडची ओल बाहेरून येते आणि तिथली आपणच घरात तयार करतो. वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे खोलीत वाळत घातले की एका घाण्यामागे दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. झाकण न ठेवता शिजणारा भात, उकळतं सार, आंघोळीची वाफ हे सगळं त्यात धरा. वर थंडी म्हणून खिडक्या घट्ट बंद.

उपाय असे. खिडकीच्या वरच्या चौकटीत हवेसाठी बारीक झडप असते, ती बंद करू नका किंवा कागद कोंबू नका. आंघोळीनंतर वाफ बाहेर फेकणारा पंखा २० मिनिटं चालू आणि न्हाणीघराचं दार बंद. भांड्यांवर झाकण. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर दूर. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. बाहेरची थंड हवा कोरडी असते हे वर आलंच आहे, तीच ओल बाहेर नेते, आणि तेवढ्यात भिंती गार पडत नाहीत. हीटिंग संध्याकाळी दोन तास भडकवून मग बंद करण्यापेक्षा घर दिवसभर १८-१९ वर ठेवलेलं बरं, कारण बुरशी गार भिंतीवर धरते. काचेवरचं पाणी सकाळी फडक्याने पुसून ते फडकं बाहेर पिळा. रेडिएटरवर वाळत घातलं की पुन्हा तेच पाणी हवेत.

आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या, स्वस्त मिळतं. ४० ते ६० मध्ये काटा हवा. सतत ६० च्या वर असेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र. त्यात दोन प्रकार: कॉम्प्रेसरवाला तुम्हाला ओळखीचाच, पण खोली १५ अंशांखाली गेली की त्याची कॉइल गोठते आणि पाणी कमी निघतं. गार खोलीसाठी रसायनाच्या चाकावर चालणारा चांगला, वीज जास्त खातो.

भाड्याचं घर बघताना ईपीसी दाखला मागा, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं त्याचा. ए ते जी अशा श्रेणी असतात, ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही (काही ठरावीक अपवाद सोडून). सी किंवा वरचं मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर खाली बुरशी आहे असं धरून विचारा. दुहेरी काचेच्या आतल्या बाजूला धुकं असेल तर तिचं सील गेलेलं आहे. हीटिंग गॅसचं की विजेचं ते विचाराच, कारण तिथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग पडतं.

बॉयलरचा दाब थंड असताना १ ते १.५ बार असावा. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडून गुडगुड आवाज आला, तर बहुतेक वेळा भिंतीबाहेर गेलेली प्लास्टिकची सांडपाण्याची बारीक नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, नळी तडकते. मग रीसेट करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना, ते पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा.

---

फोंडा_तिस्क

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीपासून कपाट दूर ठेवायचं आम्हाला कधी सुचलंच नसतं. दोन गोष्टी राहिल्या. कपडे म्हापशातून घेऊन जावेत की तिकडे? आणि मुलीच्या दम्याबद्दल कोणी स्पष्ट सांगेल का?

---

शापोरा

कपडे: इथून फक्त उतरल्या दिवसापुरतं न्या. प्रत्येकी दोन जोड थर्मल, एक स्वेटर, कानटोपी. जाकीट तिकडेच घ्या. इथे मिळणारी जाकिटं जाड दिसतात, पण शिवणीतून वारा आत घेतात, आणि सगळी ऊब वारा पळवतो. ० अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ६ सारखं लागतं.

तीन थर घालायचे. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल. सुती गंजी नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि काम थांबवलं की तेच बर्फासारखं अंगाला चिकटतं, शिडीवर चढ-उतार करणाऱ्याला तर हमखास. त्यावर फ्लीस. सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ कवच. थोडं गार वाटत असतानाच काम सुरू करा, दहा मिनिटांत अंग तापतं. आधीच सगळं चढवलंत तर घामाने भिजाल.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. लोकरीचे मोजे घट्ट बुटात कोंबले तर मधली हवा जाते आणि पाय गार पडतात. छत्री घरीच ठेवा. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस, लंडनला ६००, पण पावसाचे दिवस मोजले तर फार फरक नाही. तिथे तो बारीक, आडवा, वाऱ्याबरोबर येतो आणि छत्री उलटवतो. टोपीचा रेनकोट कामाला येतो. दुलईवर टॉग नावाचा उबेचा आकडा असतो: हिवाळ्याला १३.५, उन्हाळ्याला ४.५.

---

कुळागर

दम्याचं. दोन्हीकडे कारणं आहेत, फक्त वेगळी. कुवेतमध्ये धुळीची वादळं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त. त्या दिवशी दारं-खिडक्या बंद, फटींना ओलं फडकं, शाळेत मैदानावर नाही. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, ते तर तुमच्या हातचंच काम. स्विंडनला बुरशी, गादीतले धूळकिडे आणि थंड हवेचा पहिला श्वास. धूळकिड्यांना दमटपणा लागतो, म्हणून आर्द्रता ५० च्या खाली राखली की ते आटोक्यात येतात. बाहेर पडताना नाका-तोंडावरून मफलर, म्हणजे हवा थोडी गरम होऊन आत जाते.

पावसाळ्यातच तिचा दमा वाढतो यावरून बुरशीचा संशय घ्यायला जागा आहे, पण हे डॉक्टरांकडून जाण्याआधी तपासून घ्या. तसं निघालं, तर कोरडं, सी श्रेणीचं, गॅस हीटिंगचं घर मिळत असेल तरच स्विंडन. जुनाट, सर्द घरात तिला इथल्या जुलैचा त्रास नोव्हेंबर ते मार्च होईल. माझ्या मते निर्णय देशापेक्षा घरावर घ्या, आणि घर बघितल्याशिवाय मुलीला नेऊ नका. वहिनींनी आधी एकटीने जाऊन महिनाभर त्या खोलीतली आर्द्रता टिपून ठेवली तर उत्तम.

ड जीवनसत्त्व: इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. कुवेतमध्येही दिवसभर एसीत बसणाऱ्याला ऊन मिळत नाही, वहिनींची पाळी तशीच असेल तर तिकडेही तपासून घ्या.

इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) विमानात हातातल्या बॅगेत. कुवेतला उभ्या गाडीत एक मिनिटही ठेवू नका. डब्यात दाब असतो आणि औषध ३० अंशांच्या आत राहायला हवं. शाळेच्या दप्तरात दुसरा, शिक्षिकेच्या ताब्यात, वर तारीख लिहून.